नेमाआधी नियम

येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीचे ठाणे आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला चहूकडून माणसे लोटतात, चुनखडी वेचण्याचा विधी करतात आणि देवीचा उदो करीत परततात. तुळजापूरची भवानी ही येडेश्वरीची बहीण, अशी लोकांची श्रद्धा आहे. आणि भवानी तर अष्टभुजा, हाताहातांत आयुध धारण केलेली महिषासुरमर्दिनी. ज्या मुलखात शस्त्रधारी देवीपुढे पुरुष लोटांगण घालतो, त्याच मुलखात हाडामांसाच्या बाईच्या हाती खुरपे आणि कोयता यांखेरीज दुसरे काही दिसले की त्याच पुरुषाच्या कपाळाला आठी पडते. देवीने शस्त्र धरावे आणि बाईने देवीची ओटी भरावी, अशी ही कामाची वाटणी आहे.

ही वाटणी आता मोडू लागली आहे, आणि ती मोडण्याचे काम कोणत्याही व्याख्यानाने केलेले नाही; ते पोटाच्या प्रश्नाने केले आहे. कळंब, भूम, वाशी या तालुक्यांत पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. पोलीसभरतीसाठी ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असा त्यांचा सराव चालतो. आई ऊसतोडीला गेलेली, बाप कर्जात बुडालेला, जमीन कोरडवाहू. अशा घरातल्या मुलीला सरकारी गणवेश हाच सन्मानाने जगण्याचा एक रस्ता दिसतो. यांतल्या ज्या निवडल्या जातील, त्यांच्या हाती सरकार काही महिन्यांतच बंदूक देणार आहे, आणि ज्या पुढे फौजदार होतील त्यांच्या कमरेला पिस्तूल येणार आहे. घरात कधी साधी छर्‍याची बंदूकही न पाहिलेल्या मुलीने हे शस्त्र कसे शिकावे, कुणी शिकवावे आणि कोणत्या शिस्तीने शिकवावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ नेमबाजीच्या शौकिनांचा उरलेला नाही. तो कष्टकऱ्यांच्या मुलींचा प्रश्न झाला आहे.

याच मुलखात शस्त्राचे दुसरे एक रूपही लोकांनी पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा अमानुष खून करण्यात आला. तो खून बंदुकीने झाला नव्हता. परंतु त्यानंतर बीड जिल्ह्यातील गुंडगिरीवरचे झाकण उडाले, आणि एकट्या त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेल्याची चर्चा राज्यभर झाली. कमरेला पिस्तूल लावून छायाचित्रे काढणारे, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणारे वीर लोकांच्या डोळ्यांसमोर आले. अखेर प्रशासनाला परवाने तपासून रद्द करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. शस्त्र म्हणजे सत्तेचा दागिना, ही त्या वीरांची व्याख्या. पहाटे धावणाऱ्या मुलीच्या हाती जे शस्त्र येणार आहे, ते याच व्याख्येने यावे की दुसऱ्या एखाद्या, हे ठरविण्याची वेळ आली आहे.

आमिष, हुतात्मा आणि हुकलेला नेम

इंग्रजांनी १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने साऱ्या देशालाच नि:शस्त्र केले. पण बाईच्या बाबतीत तो कायदा समाजाने फार आधीच जारी केलेला होता, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातही तो सहजासहजी रद्द झाला नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नवरा आपल्या बायकोला बेदम मारू लागला. तिच्या किंकाळ्या ऐकून पोलीस बाहेर धावले. आणि तेवढ्या अवधीत क्रांतिकारकांनी ठाण्यातल्या बंदुका पळविल्या. ती ‘बायको’ म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील यांची कन्या हौसाताई. मार नाटकातला होता, पण त्या तोतया नवऱ्याने हात जरा जास्तच मोकळा सोडला, अशी तक्रार हौसाताई उतारवयातही हसत हसत करीत. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. परंतु प्रसंगाची रचना पाहावी: बंदुका मिळविण्यासाठी बाईने मार खायचा, आणि मिळालेल्या बंदुका पुरुषांनी चालवायच्या. रस्त्यावर बायकोला मारणे हे दृश्य इतके नित्याचे होते, की पोलिसांनाही त्यात कट दिसला नाही.

निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात मराठवाड्यातल्या बायकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. बदनापूर तालुक्यातील दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्ध शस्त्र हाती घेतले. येरमाळ्याहून फार दूर नसलेल्या भूम तालुक्यातील ईट गावी गोदावरीबाई टेके यांनी रझाकारांना बंदुकीने तोंड देत प्राण ठेवला. १७ सप्टेंबरच्या सोहळ्यांत त्यांच्या नावांचा उच्चार होतो. पण त्यांच्यासारखी पाळी आली तर लागणारे कसब गावच्या दुसऱ्या कोणत्या मुलीला शिकवावे, असे मात्र कुणाच्या मनात येत नाही. हुतात्म्याचा पुतळा उभारणे सोपे असते. त्याची विद्या पुढच्या पिढीला देणे अवघड असते.

बंगालमध्ये तर शाळा-कॉलेजांतल्या मुलींनी पिस्तुले उचलली. १४ डिसेंबर १९३१ रोजी कोमिल्ला येथे शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुलींनी जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सला गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, बीना दास यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. गव्हर्नर वाचला आणि बीना दास तुरुंगात गेल्या. या मार्गाविषयी मतभेद आहेत आणि असावेत. येथे मुद्दा इतकाच, की बाईच्या हाती शस्त्र आले ते बहुधा घाईने, चोरून, कुठल्या तरी निर्वाणीच्या क्षणी. सावकाश, उघडपणे, नीट शिकविलेले असे ते फारसे आलेच नाही. १९४३ साली सिंगापुरात कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली झाशीची राणी पलटण हा त्यातला ठळक अपवाद. तेथे मुलींना रीतसर कवायत आणि शस्त्रशिक्षण मिळाले, आणि बाईचा हात चाप ओढायला दुबळा असतो ही समजूत त्या छावणीत निकालात निघाली.

पर्समधले पिस्तूल

ही समजूत जुनी. तिची बाजारी उलट बाजू मात्र नवी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, बाईच्या पर्समध्ये मावेल असे. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या तरुणीला लोकांनी दिलेल्या नावाचीच छाया शस्त्राच्या नावावर पाडलेली होती. रस्त्यावर दिवे, वेळेवर येणारी एस. टी., तक्रार लिहून घेणारे ठाणे, लवकर निकाल देणारे न्यायालय, यांपैकी जे सरकारने द्यावयाचे ते राहिले बाजूला. त्याऐवजी बाईने सव्वा लाख मोजून आपले रक्षण आपणच करावे, असा हा तोडगा होता. संरक्षण हा नागरिकाचा हक्क असतो. तो विकत घेण्याची वस्तू झाला की ज्याच्या गाठीला पैसा त्यालाच तो लाभतो. उसाच्या फडाशेजारी, दार नसलेल्या कोपीत दोन लेकरांना कुशीत घेऊन झोपणाऱ्या बाईला ‘निर्भीक’ काय कामाचे? तिच्या कोपीला दार आणि वस्तीला दिवा हवा आहे.

शिवाय हा तोडगा ज्या संकटावर आहे, ते संकट तरी नीट पाहिले गेले आहे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार स्त्रियांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांहून अधिक, नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या गुन्ह्यांतही दहापैकी नऊहून अधिक आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात, हे याच विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. म्हणजे हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीत दबा धरून बसलेला नसतो. तो बहुतेक वेळा घरातच जेवायला बसलेला असतो. अशा घरात पिस्तूल आले तर त्याची किल्ली कुणाच्या जानव्याला किंवा करगोट्याला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, म्हणून तेथील अनुभव बोलका ठरतो. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात माणसाचा खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळला. जॅकलीन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात, मारहाण करणाऱ्या पुरुषाला बंदूक उपलब्ध असेल तर त्या स्त्रीच्या खुनाचा धोका पाचपटींहून अधिक होतो असे दिसले. घरात आणलेले शस्त्र बाईचे रक्षण करण्याऐवजी तिच्यावरच उलटण्याचा संभव अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. स्त्रीने शस्त्रविद्या शिकणे ही एक गोष्ट. स्त्रीने खाजगी शस्त्र बाळगणे ही दुसरी. पहिलीचा पुरस्कार करताना दुसरीचा प्रचार करण्याचे कारण नाही. पोहायला शिकविणारा प्रत्येकाच्या अंगणात विहीर खणा असे सांगत नाही.

पहिला धडा रिकाम्या पिस्तुलाचा

विद्या म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कारण सुरक्षिततेचा सारा प्रश्न तेथे आहे. नवशिक्या बाईच्या हाती भरलेले पिस्तूल देऊन “हाण” म्हणणारा उस्ताद हा शिक्षक नव्हे. असे उस्ताद पुष्कळ असतात. मुद्दाम मोठ्या दणक्याचे शस्त्र द्यायचे, हाताला झटका बसून ती मागे कोलमडली की चार पुरुषांनी हसायचे, आणि “हे बायकांचे काम नव्हे” असा निष्कर्ष काढायचा, ही त्यांची रीत. त्या झटक्याने बाईच्या मनात जी भीती बसते ती पुढे महिनोन्‌महिने जात नाही. गोळी सुटण्याआधीच तिचे डोळे मिटतात आणि मनगट खाली झुकते. नेम चुकतो तो दुबळेपणाने नव्हे, तर शिकविणाऱ्याच्या मस्करीने.

चांगल्या शिक्षणाच्या पहिल्या दिवशी खोलीत काडतूसच नसते. पिस्तूल उघडे करून मेजावर ठेवलेले असते. त्याची नळी कोणती, मूठ कोणती, चाप कोठे, माशी कोठे, हे आधी ओळखायचे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक समजून घ्यायचा. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले, ही समजूत अनेकांच्या जिवावर बेतली आहे. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीच्या मागच्या घरात बसलेले असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग खोबण मागे ओढून घर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हे प्रत्येक वेळी, दुसऱ्याने आपल्यासमोर पाहिले असले तरीही.

त्यानंतर चार नियम. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळावे. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नये. नेम ठरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. ते चापाच्या कड्याबाहेर सरळ असावे. आणि लक्ष्य कोणते, तसेच लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री झाल्याखेरीज गोळी सोडू नये. हे नियम जगभर सारखेच आहेत, आणि त्यांची रचना मोठ्या शहाणपणाची आहे: एक चुकला तरी बाकीचे तीन माणूस वाचवितात. पिस्तुलाच्या बाबतीत त्यांचे मोल बंदुकीहूनही अधिक. लांब बंदूक वळवायची तर अंग वळवावे लागते. पिस्तुलाला मनगटाची एक हालचाल पुरते आणि त्याचे तोंड शेजारणीच्या छातीकडे होते.

मग हवेच्या दाबावर चालणारे ४.५ मिलिमीटर छर्‍याचे पिस्तूल. त्याला दणका नाही, मोठा आवाज नाही, आणि खर्चही थोडा. १० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर महिनेच्या महिने हाच सराव. नवशिक्याला येथे एक चमत्कारिक गोष्ट शिकावी लागते: दृष्टी लक्ष्यावर नव्हे तर माशीवर रोखायची, लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत जायचा. गोळी कोणत्या क्षणी सुटली हे स्वतःलाही अनपेक्षित वाटले तर नेम साधतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या काहींचा प्रबळ डोळा डावा असतो, हे पहिल्याच आठवड्यात तपासले नाही तर ती मुलगी वर्षभर चुकत राहते आणि दोष स्वतःला देते. तीच गोष्ट हाताच्या मापाची. लहान पंजाच्या मुलीचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नसेल तर मूठ बदलावी. मुलगी बदलू नये. आणि हलके पिस्तूल बाईसाठी सोयीचे, हा दुकानदारी समज तर विज्ञानालाच धरून नाही. तेच काडतूस हलक्या शस्त्रातून सुटले तर हाताला झटका अधिकच बसतो.

काडतुसाची पाळी यानंतर येते, आणि तीही एकेका काडतुसाने. याचे कारण मानवी स्वभावात आहे. पहिली गोळी मध्यावर लागली की नवशिकी आनंदाने “लागली!” म्हणत मैत्रिणींकडे वळते, आणि हातातले पिस्तूलही तिच्याबरोबर वळते. त्यात दुसरे काडतूस नसेल तर तो आनंद आनंदच राहतो. शिक्षक अशा वेळी तिच्या शस्त्राच्या हाताशेजारी, किंचित मागे उभा असावा, म्हणजे वळणारा हात त्याला अडविता येतो. चाप दाबूनही गोळी सुटली नाही तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे; काही वेळा काडतूस उशिरा पेट घेते. भीतीने डोळे मिटण्याची खोड लागली असेल तर खऱ्या काडतुसांत एखादे खोटे मिसळून द्यावे. झटका नसतानाही हात कसा दचकतो ते तिचे तिलाच दिसते, आणि दिसले की सुटते.

काही गोष्टी स्त्रियांच्या बाबतीत विशेष सांगितल्या पाहिजेत, कारण पुरुष उस्तादांना त्या सुचत नाहीत किंवा बोलायला संकोच वाटतो. पिस्तुलातून उडणारे रिकामे टरफल तापलेले असते. ते मोकळ्या गळ्यातून अंगात शिरले तर भाजल्याच्या झटक्याने हात कोठेही जाऊ शकतो. म्हणून बंद गळ्याचा सदरा हवा, ओढणी बाजूला ठेवलेली, केस बांधलेले. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण अनिवार्य. गोळ्यांत आणि धुरात शिसे असते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी मैदानापासून दूर राहावे, आणि इतरांनीही साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये. घरी गेल्यावर ते कपडे लेकराला उचलून घेण्यापूर्वी बदलावेत.

आणि सर्वांत शेवटी तो नियम, ज्यात या विद्येचा खरा अर्थ आहे. मैदानावर काहीही धोक्याचे दिसले की “थांबा!” असे ओरडण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. सर्वांत नवखी मुलगी ओरडली तरी सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने बोट चापावरून काढलेच पाहिजे. जिला जन्मापासून हळू बोल, उलट बोलू नकोस, मोठ्यांच्या मध्ये पडू नकोस असेच सांगण्यात आले, तिला येथे शिकविले जाते की तुझ्या एका शब्दावर सारे मैदान थांबेल, आणि तो शब्द न उच्चारणे हा दोष होईल. “आज माझे चित्त ठिकाणावर नाही, आज मी शस्त्र धरणार नाही” असे सांगण्याचा हक्कही त्याच नियमात येतो. गोळी कशी मारावी याहून हे शिक्षण मोठे आहे.

कोल्हापूरला जे मिळाले

ही विद्या मराठी मुलींच्या आवाक्याबाहेरची नाही, हे सांगायला आता पुराव्याची वाण नाही. मुंबईच्या अंजली भागवत यांनी रायफलमध्ये जागतिक कीर्ती मिळविली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिच येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ साली चँगवॉन येथील विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचा मान मिळविला. एकाच शहरातून दोन मुली जगाच्या शिखरावर जातात, हा नशिबाचा खेळ नव्हे. तेथे शाळा होत्या, मैदान होते, शिकविणारे होते, आणि एकीला पाहून दुसरीने धरावी अशी वाट होती. येडेश्वरीच्या पायथ्याशी धावणाऱ्या मुलीला यांतले काय आहे?

स्त्रीला संधी मिळाली की पुरुषांच्या जगाला काय वाटते, याचाही एक धडा नेमबाजीच्याच इतिहासात आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट हा नेमबाजीचा प्रकार स्त्री-पुरुषांना एकत्र खुला होता. चीनच्या झांग शान हिने साऱ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक पटकाविले. त्यानंतर स्त्रियांना त्या स्पर्धेतून वगळण्यात आले. १९९६ साली तिला आपले पदक राखण्यासाठी उतरायला जागाच उरली नाही. स्त्रियांचे स्वतंत्र स्कीट २००० साली आले. बाई हरली तर ती दुबळी, आणि जिंकली तर स्पर्धेचा नियम चुकीचा!

शस्त्र आणि अहिंसा

आता एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्यांनी पिस्तुलाचे धडे का गिरवावेत? लढाऊ बायकांनी १९७२-७३ च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी आणि थाळ्या घेऊन सरकारला घाम फोडला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या हाती पिस्तूल नव्हते. हे अगदी खरे आहे, आणि सामाजिक परिवर्तनाचे हत्यार आजही तेच आहे. दुष्काळ, हुंडा, ऊसतोड बायकांच्या पोटावर फिरलेल्या सुऱ्या, यांपैकी एकाही प्रश्नावर गोळी हे उत्तर नाही. परंतु राज्यसंस्थेजवळ शस्त्र आहे, आणि ते कुणीतरी धरणारच आहे. ते फक्त पुरुषांनी, फक्त मस्तवालपणे धरावे, हा अहिंसेचा विजय कसा होईल? पोलीस ठाण्यात शिस्तीने शस्त्र वापरणारी, ते केव्हा वापरू नये हे पक्के जाणणारी शेतमजुराची मुलगी असणे, हा जमावावर गोळीबार करायला उतावीळ झालेल्या हातापेक्षा लोकशाहीला अधिक मोठा आधार आहे. ज्याला शस्त्र माहीत नाही त्याला त्याची एक तर भुरळ पडते, नाही तर भीती वाटते. ज्याने ते नियमाने शिकले, त्याच्या मनातून दोन्ही जातात. बीडच्या रस्त्यांवर कमरेचे पिस्तूल दाखविणाऱ्याचा रुबाब, चार नियम पाठ असलेल्या मुलीला हास्यास्पद वाटेल. कारण त्याचे बोट चापावर आहे आणि नळी त्याच्याच मांडीकडे, हे तिला पहिल्या नजरेत दिसेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. धाराशिव जिल्ह्यात हवेच्या पिस्तुलाचे १० मीटरचे सार्वजनिक मैदान उभारावे. त्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही, एक लांब बंदिस्त खोली, भक्कम भिंत आणि चांगला उजेड पुरतो. तालुक्याच्या शाळा-कॉलेजांतून एन. सी. सी. च्या मुलींना तेथे सरावासाठी नेण्या-आणण्याचा खर्च सरकारने करावा. शिकविणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात आणि त्यांना कायम नेमणूक असावी. पोलीस दलात दाखल झालेल्या मुलींना प्रशिक्षणाच्या दिवसांपुरते चार काडतुसे देऊन मोकळे न होता, दरवर्षी पुरेसा सराव मिळावा. खाजगी परवान्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता असावा. २०१६ च्या शस्त्रनियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सांगितले आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला आहे. या दोन्ही तरतुदी कागदावरून गावात उतरल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. कोणत्या गावात कुणाच्या कमरेला काय आहे आणि ते कोणत्या कारणाने दिले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला शस्त्र लागत नाही, छाती लागते.

येरमाळ्याच्या यात्रेत एकेक माणूस चुनखडीचा एकेक खडा वेचतो आणि पाहता पाहता ढीग उभा राहतो. सार्वजनिक संस्थाही अशाच उभ्या राहतात. पहाटे धावणारी ती मुलगी उद्या शस्त्र उचलील यात शंका नाही. काळानेच तो निर्णय घेतला आहे. ते उचलण्याआधी रिकामे आहे की नाही हे पाहण्याची सवय, आणि काम होताच ते रिकामे करून खाली ठेवण्याचे बळ तिला कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो. बाजार ते देणार नाही आणि उस्ताद तर नाहीच नाही. ते समाजाने, सार्वजनिक पैशाने आणि उघड्या मैदानावर दिले पाहिजे.